आत्यांची साखर, भाऊजींचे थेंब आणि केमोतलं प्लॅटिनम

पत्र थोडं आटोपशीर करून देतेय, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

"मॅडम, आम्ही विट्याकडचे. माझ्या सासूबाई, आम्ही आत्याच म्हणतो, वय ६१. त्यांना ओव्हरीचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं आणि आता मिरजेला केमो चालू आहे, कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल. सहा द्यायच्यात, तीन झाल्या. कॅन्सर साखरेवर वाढतो असं जो तो सांगायला लागला म्हणून दोन महिने झाले आम्ही त्यांची साखर, गूळ, भात, फळं सगळं बंद केलंय. वजन ५८ चं ५२ वर आलंय. पुतण्या कोल्हापूरला एम.एस्सी. केमिस्ट्री करतोय, तो म्हणतो की साखर जोडलेल्या धातूच्या औषधांवर रिसर्च चालू आहे, ती नेमकी कॅन्सरच्या पेशीत जातात. आणि आमचे भाऊजी गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात तमिळनाडूत असतात, त्यांना तिकडं कुणीतरी सोन्याचे आणि ग्लुकोजचे थेंब दाखवले, महिन्याचे २४ हजार. भाऊजी म्हणतात वहिनी हे तेच औषध आहे, केमो बंद करा आणि हे चालू करा, आईचे हाल बघवत नाहीत. मला कळत नाही, साखर वाईट म्हणून बंद केली आणि औषधात मात्र साखरच घालतात, हे कसं? पुढची केमो बारा दिवसांवर आहे. काय करू?"

ताई, दिवस कमी आहेत म्हणून आधी उत्तर सांगते, कारणं नंतर. केमो थांबवू नका. आत्यांचं जेवण आजपासून नीट सुरू करा. थेंब घेऊ नका. आणि पुतण्याला खोटं पाडू नका, तो सांगतोय तो रिसर्च खरा आहे, फक्त तो अजून आत्यांच्या सलाईनपर्यंत पोचलेला नाही.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते, मी केमिस्ट्री शिकवते, इथंच सांगलीत. त्यामुळं आत्यांचा डोस, रिपोर्ट, पथ्य यातलं शेवटचं बोलणं मिरजेच्या डॉक्टरांचं. पण तुमचा जो प्रश्न आहे ना, साखर वाईट आणि औषधात साखर हे कसं, तो केमिस्ट्रीचाच प्रश्न आहे आणि फार चांगला प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते, घरात सगळ्यांनी मिळून वाचा.

कॅन्सरच्या पेशी साखर जास्त ओढतात हे खरं आहे. ऑटो वारबुर्ग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १९२० च्या दशकात हे दाखवलं, की गाठीतल्या पेशी ऑक्सिजन मिळत असला तरी ग्लुकोज भराभर वापरतात आणि त्याचं लॅक्टिक ॲसिड करून टाकतात. ग्लुकोज पेशीत आपोआप शिरत नाही, पेशीच्या पडद्यावर त्यासाठी खास प्रोटीन असतात, त्यातल्या एकाचं नाव ग्लुट-१. बऱ्याच प्रकारच्या कॅन्सरमध्ये या ग्लुट-१ ची संख्या नेहमीच्या पेशीपेक्षा वाढलेली असते. पेट स्कॅन याच गोष्टीवर चालतो. त्यात ग्लुकोजसारखाच पण एक फ्लोरिन जोडलेला रेणू शिरेतून देतात, तो फ्लोरिन किरणोत्सारी असतो, साधारण ११० मिनिटांत निम्मा होतो, म्हणून ते औषध साठवून ठेवता येत नाही आणि स्कॅनची वेळ चुकवून चालत नाही. पेशीला वाटतं साखर आली, ती आत घेते, पहिली एक पायरी पचवते आणि पुढं तिला ते पचवता येत नाही, रेणू आतच अडकून बसतो आणि स्कॅनमध्ये ती जागा उजळ दिसते. आत्यांचा पेट स्कॅन झाला असेल तर आठवा, चार-सहा तास उपाशी ठेवलं असेल आणि आधी बोटातून शुगर तपासली असेल, कारण रक्तात खरी साखर जास्त असली तर ती या रेणूशी स्पर्धा करते आणि स्कॅन नीट येत नाही. ही स्पर्धेची गोष्ट लक्षात ठेवा, पुढं परत लागणार आहे.

आता यातून लोक निष्कर्ष काढतात की साखर खाल्ली नाही की कॅन्सर उपाशी मरतो. इथंच सगळं चुकतं. रक्तातलं ग्लुकोज फक्त चहातल्या साखरेतून येत नाही. भाकरीतून येतं, डाळीतून येतं, आणि तुम्ही काहीच खाल्लं नाही तर लिव्हर ते स्वतः तयार करतं, त्यासाठी शरीर स्वतःचे स्नायू मोडतं. मेंदूला आणि रक्तातल्या लाल पेशींना ग्लुकोज लागतंच, म्हणून शरीर काहीही करून ती पातळी टिकवतं, आणि पातळी टिकली की कॅन्सरच्या पेशीलाही तिचा वाटा मिळतोच. म्हणजे तुम्ही दोन महिने गाठीला उपाशी ठेवलं नाही ताई, आत्यांना उपाशी ठेवलं. सहा किलो गेलेत त्यात चरबीबरोबर स्नायू पण गेलेत, आणि केमो सोसायची ताकद त्या स्नायूंतच असते. तुम्हाला दोष देत नाहीये, हे तुम्हाला शंभर जणांनी सांगितलं असणार आणि प्रत्येकानं मायेनंच सांगितलं असणार, पण हे आता थांबवा.

वजनाची अजून एक बाजू आहे जी घरच्यांना कुणी सांगत नाही. पॅक्लिटॅक्सेलचा डोस उंची आणि वजनावरून शरीराचं क्षेत्रफळ काढून ठरवतात. कार्बोप्लॅटिनचा डोस किडनी किती काम करतेय त्यावरून काढतात, आणि किडनीचं ते गणित रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी जे बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ), वय आणि वजन घालून केलेलं असतं. त्यामुळं ५८ चं ५२ झालंय हे डॉक्टरांना ठळकपणे सांगायलाच पाहिजे, फाईलवर जुनं वजन राहिलं असेल तर नवीन करून घ्या, काट्यावर उभं करूनच. आणि पॅक्लिटॅक्सेलच्या आधी ॲलर्जी होऊ नये म्हणून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात, त्यानं एक-दोन दिवस रक्तातली शुगर वर जाऊ शकते. आत्यांना डायबेटिस असेल तर मात्र साखर-गुळाचं पथ्य त्यांच्या शुगरच्या डॉक्टरांप्रमाणं पाळायचं, ते वेगळं कारण आहे. डायबेटिस नसेल तर भात, भाकरी, वरण, अंडं चालत असेल तर अंडं, दूध, ताक, पिकलेलं केळं, चहात चमचाभर साखर, यातलं काहीही त्यांच्या कॅन्सरचं खत नाही. पांढऱ्या पेशी कमी असतील त्या आठवड्यात कच्ची कोशिंबीर आणि बाहेरचं टाळायला सांगतात, तेवढं विचारून घ्या.

बरं, आता औषधातली साखर.

आत्यांना जे कार्बोप्लॅटिन चाललंय ना, ते धातूचंच औषध आहे. त्यात प्लॅटिनम आहे. याची कहाणी पुतण्याला माहीत असेल, तरी सांगते, मला ती दरवर्षी वर्गात सांगताना अंगावर काटा येतो. सिसप्लॅटिन हा पदार्थ मिकेले पेरोने नावाच्या इटालियन रसायनशास्त्रज्ञानं १८४५ मध्ये बनवला, आणि पुढं शंभरावर वर्षं त्याचा औषध म्हणून कुणी विचारही केला नाही. मग १९६५ मध्ये अमेरिकेत मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत बार्नेट रोझेनबर्ग बॅक्टेरियावर विजेचा काय परिणाम होतो ते बघत होते, तर बॅक्टेरिया वाढायचे पण त्यांची विभागणीच होईना, नुसते लांबच लांब दोऱ्यासारखे व्हायला लागले. शोधल्यावर कळलं की हे विजेमुळं नाही, प्लॅटिनमचे जे इलेक्ट्रोड वापरले होते त्यातून थोडं प्लॅटिनम द्रावणात उतरून अमोनिया आणि क्लोराइडबरोबर संयुग बनलंय आणि ते विभागणी थांबवतंय. विभागणी थांबवतं म्हणजे कॅन्सरवर बघायला पाहिजे, असं म्हणून त्यांनी उंदरांवर बघितलं, आणि १९७८ मध्ये अमेरिकेत सिसप्लॅटिनला मंजुरी मिळाली. कार्बोप्लॅटिन त्याचंच नंतरचं, जरा सौम्य भावंड, मंजुरी १९८९ ची.

हे पेशीत करतं काय, तर प्लॅटिनम आत गेल्यावर डीएनएमधल्या ग्वानिन नावाच्या भागाला जाऊन चिकटतं, शेजारशेजारच्या दोन ग्वानिनना बांधून टाकतं, डीएनए तिथं वाकतो, पेशीला त्याची नक्कल करता येत नाही आणि ती मरते. औषध जबरदस्त आहे. दुःख एवढंच की ते भेदभाव करत नाही. सिसप्लॅटिन किडनीला त्रास देतं, कानाला देतं, उलट्या तर विचारू नका. कार्बोप्लॅटिन किडनीला बरंच सांभाळून घेतं पण बोनमॅरोवर, म्हणजे हाडांतल्या रक्त तयार करणाऱ्या मगजावर दाब आणतं, प्लेटलेट उतरतात. म्हणून गेली कित्येक वर्षं जगभरातले केमिस्ट एकच प्रश्न घेऊन बसलेत, की हे प्लॅटिनम गाठीत जास्त आणि बाकी शरीरात कमी कसं पोचवायचं. त्यावरचं एक उत्तर म्हणजे त्याला साखरेचा रेणू जोडायचा.

गळीत हंगामात साखर कारखान्याचं गेट डोळ्यासमोर आणा. उसाची ट्रॉली आली की तिला आत घेतात, कारण कारखान्याला ऊस पाहिजे. कॅन्सरची पेशी म्हणजे रात्रंदिवस चाललेला, गेटंच गेटं असलेला कारखाना, आणि शास्त्रज्ञ म्हणतात की आपण वरून ऊस रचू आणि ट्रॉलीत आपलं प्लॅटिनम ठेवू. बस, कल्पना एवढीच आहे. औषधातली साखर पेशीला खाऊ घालायला नसते, ती गेटमधून आत जाण्यापुरती असते, आणि तिचं प्रमाण मिलिग्रॅममध्ये असतं. ताटातली साखर आणि औषधातली साखर यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. त्यामुळं तुमच्या प्रश्नात जो उलटसुलटपणा वाटतोय तो मुळात नाहीच.

पण हे गेट वाटतं तेवढं भोळं नाही, आणि खरी मेहनत तिथंच आहे. ग्लुकोजला सहा कार्बन असतात आणि प्लॅटिनम कुठल्या कार्बनला जोडलं यावर सगळं अवलंबून असतं. ग्लुट-१ प्रोटीन ग्लुकोजला ठरावीक ठिकाणी पकडतं, त्या पकडीच्या जागेवरच तुम्ही प्लॅटिनम बसवलं तर ते ओळखणारच नाही. आणि ट्रॉली फार फुगली तर गेटमधून जाणारच नाही. अमेरिकेत एमआयटीमध्ये स्टीफन लिपर्ड यांच्या गटानं यावर बरंच काम केलं, २०१६ मध्ये त्यांनी दाखवलं की ग्लुकोजच्या दोन नंबरच्या कार्बनला प्लॅटिनम जोडलेला एक रेणू ग्लुकोजच्या वाटेनं पेशीत जातो आणि साध्या पेशीपेक्षा कॅन्सरच्या पेशीत जास्त जमतो. आणि पुतण्याला हे जरूर सांगा, त्या कामात पुढं असलेले मलय पात्रा नंतर मुंबईत टीआयएफआरला, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. म्हणजे हा विषय काही साता समुद्रापलीकडचा नाही, इथून कोयना एक्सप्रेसनं जाता येईल एवढा जवळ आहे. ज्याला धातूच्या संयुगांची आवड आहे त्यानं यात यावं असं मला मनापासून वाटतं, कारण यात अजून करायचं फार आहे.

काय करायचं आहे ते पण ऐका, म्हणजे भाऊजींना सांगता येईल. एक तर ग्लुट-१ नुसतं कॅन्सरच्या पेशीवर नसतं. लाल रक्तपेशींवर ते भरपूर असतं, मेंदूत ग्लुकोज नेणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर असतं. म्हणजे ऊस रचलेली ट्रॉली दुसऱ्याच कारखान्यात जाऊन खाली होऊ शकते. "नेमकी कॅन्सरच्याच पेशीत जातात" हे वाक्य म्हणून बरोबर नाही, "तिकडं जास्त जावीत असा प्रयत्न आहे" हे बरोबर. दुसरं म्हणजे मघाची ती स्पर्धा. आपल्या सगळ्या रक्तात मिळून एका वेळी चार-पाच ग्रॅम ग्लुकोज असतं, चमचाभरच, पण औषधाच्या रेणूंच्या तुलनेत ते प्रचंड असतं, आणि खऱ्या ग्लुकोजची रांग सतत गेटवर लागलेली असते. प्रयोगशाळेत बशीतल्या पेशींवर जे दिसतं ते रक्त वाहणाऱ्या जित्या माणसात तसंच दिसेल असं नसतं ते यामुळंच. तिसरं, धातूंना रक्तातल्या प्रोटीनमधलं सल्फर फार आवडतं, प्लॅटिनम किंवा सोनं वाटेतच अल्ब्युमिन नावाच्या अशाच प्रोटीनला जाऊन चिकटतं आणि साखर बाजूला गळून पडते.

आणि एक अनुभव तर झालेलाच आहे. ग्लुफॉस्फामाइड नावाचं औषध होतं, धातूचं नाही, पण कल्पना हीच, केमोच्या औषधाला ग्लुकोज जोडलेलं. ते पॅनक्रियाच्या कॅन्सरच्या पेशंटवर तिसऱ्या टप्प्याच्या ट्रायलपर्यंत गेलं, २००९ मध्ये निकाल आला, आणि फायदा झाला असं खात्रीनं म्हणता येईल एवढा फरक दिसला नाही. यानं कल्पना बाद होत नाही. पण साखर जोडली म्हणजे काम झालं असं नसतं, एवढं तरी यातून कळतं. साखर जोडलेलं प्लॅटिनमचं कुठलंही औषध आज कॅन्सरसाठी मंजूर होऊन दवाखान्यात वापरात आलेलं नाही. त्यामुळं आत्यांची केमो थांबवून कशाची वाट बघायची, असं काही समोर नाहीच आहे.

आता सोनं. भाऊजींचा मुद्दा इथं जरा खोलात बघू, कारण सोनं आणि साखर जोडलेलं एक खरंखुरं औषध आहे आणि थेंब विकणारा माणूस कदाचित त्याचंच नाव पुढं करेल. ऑरॅनोफिन त्याचं नाव. त्यात सोन्याचा अणू सल्फरमधून ग्लुकोजच्या एका बदललेल्या रूपाला जोडलेला असतो. १९८५ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली, पण कशासाठी तर संधिवातासाठी, रूमेटॉइड आर्थ्रायटिससाठी. कॅन्सरवर त्याचे प्रयोग झालेत, ओव्हरीच्या कॅन्सरवरही झालेत, कारण ते पेशीतल्या थायोरेडॉक्सिन रिडक्टेज नावाच्या एन्झाइमला बंद पाडतं, पण कॅन्सरचं औषध म्हणून त्याला मंजुरी नाही. आणि त्यातली साखर गाठीपर्यंत पोचवायला आहे असंही नाही, तिच्यावर झाकणं बसवलेली असतात आणि रक्तात गेल्यावर ती सुटूनच जाते. शिवाय या औषधाचे त्रास आहेत, जुलाब, अंगावर पुरळ, लघवीतून प्रोटीन जाणं, रक्तातल्या पेशी कमी होणं, म्हणून ते घेणाऱ्यांची रक्त-लघवी नियमित तपासावी लागते. ज्या बाईचं बोनमॅरो आधीच कार्बोप्लॅटिनच्या दाबाखाली आहे तिला घरी बसून कुणी असलं काही थेंब-थेंब द्यायचं म्हणजे केवढी जोखीम आहे बघा. त्या बाटलीत खरंच सोन्याचं संयुग असेल तर ही भीती, आणि नसेल तर २४ हजारांचं पाणी.

भाऊजींशी बोलताना त्यांच्याच धंद्यातलं बोला. गलाईवाल्यांना सोनं माझ्यापेक्षा जास्त कळतं. हातातलं चोख सोनं जिभेवर ठेवलं तरी काही होत नाही, पण तेच सोनं तेजाबात विरघळलं की त्या पिवळ्या पाण्याला भाऊजी हात लावतील का? तेच सोनं, पण आता ते संयुग झालंय आणि वेगळंच वागतं. म्हणजे "सोनंच आहे, काय अपाय करणार" हे वाक्य त्यांच्या भट्टीवरच खोटं ठरतं. मग त्यांना विचारा, या बाटलीत सोनं कुठल्या रूपात आहे, किती आहे, कुणी तपासलंय? भट्टीवर कुणी माल आणून दिला तर ते टंच काढल्याशिवाय, म्हणजे शुद्धता तपासल्याशिवाय घेत नाहीत, मग आईच्या पोटात जाणारी वस्तू बिनतपासणीची कशी घ्यायची? आणि हे भांडून बोलू नका. परमुलखात राहून आईचे हाल फोनवर ऐकायचे म्हणजे माणूस हातात येईल ते धरतो. त्यांना या वेळच्या केमोला मिरजेला बोलवा, डॉक्टरांसमोर त्यांच्या तोंडानं प्रश्न विचारू द्या, ते २४ हजार गाडीभाडं, तपासण्या आणि आत्यांच्या खाण्यापिण्याला येतील.

कायद्याचं पण सांगते. कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात औषधाची करायला आपल्याकडं बंदी आहे, १९५४ चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा त्यासाठीच आहे आणि त्याच्या यादीत कॅन्सर आहे. बाटलीवर औषधाचं नाव, घटक, लायसन्स नंबर, बॅच नंबर, एक्सपायरी नसेल तर अन्न व औषध प्रशासनाकडं तक्रार करता येते. विकणारा म्हणाला की हे ट्रायलमधलं औषध आहे, तर मग तर सोपंच आहे. आपल्या देशात माणसांवरची ट्रायल सीटीआरआय या सरकारी रजिस्टरवर नोंदवावी लागते, ते कुणालाही फुकट बघता येतं, पुतण्या पाच मिनिटांत शोधेल. खऱ्या ट्रायलला एथिक्स कमिटीची परवानगी असते, समजेल अशा भाषेत संमतीपत्र असतं, त्यात नुकसान झालं तर उपचार आणि भरपाई कोण देणार ते लिहिलेलं असतं, आणि ट्रायलमधल्या नव्या औषधाचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत. जो माणूस २४ हजार मागतोय तो ट्रायल करत नाहीये, धंदा करतोय.

धातूला पत्ता लावून पाठवायची कल्पना यशस्वी झालीच नाही असं मात्र वाटून घेऊ नका. साखरेऐवजी दुसरा पत्ता लावून ती झालेली आहे. प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये पेशीवर पीएसएमए नावाचं प्रोटीन असतं, त्याला जाऊन धरणाऱ्या रेणूला किरणोत्सारी ल्युटेशियम जोडलेलं औषध २०२२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, ल्युटेशियम पण धातूच, आणि हे किरणोत्सारी ल्युटेशियम आपल्याकडं मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही तयार होतं. साखरेचा पत्ता लिव्हरसाठी पण चालला, तिथल्या पेशींवर गॅलॅक्टोज ओळखणारं प्रोटीन असतं, त्याचा फायदा घेऊन कॅन्सर सोडून इतर काही आजारांवरची औषधं २०१९ पासून आलीत. म्हणून मी पुतण्याच्या उत्साहावर पाणी ओतणार नाही. तो आज शिकतोय, या कामाला अशीच पोरं लागतात. पण आत्यांना पुढं कधीतरी येणारं नाही, बारा दिवसांनी द्यायचं औषध पाहिजे, आणि ते त्यांच्याकडं आहे. ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल ही जगभर पहिल्या फळीची जोडी आहे, मिरजेत मिळतेय तीच मुंबईत मिळाली असती. मध्येच तीनवर थांबलात तर ज्या पेशी अर्धमेल्या झाल्यात त्यांना परत उभं राहायला मोकळीक मिळते.

हाल कमी करायचे मार्ग आहेत, ते मागून घ्यायचे असतात, आपल्याकडच्या बायका मागत नाहीत. आत्यांना विचारा, त्या तुम्हाला खरं सांगतील, लेकाला सांगणार नाहीत. हातापायाला मुंग्या येतात का, पदराची पिन लावता येते का, पायात चप्पल आहे की नाही ते कळतं का? पॅक्लिटॅक्सेलनं नसांना त्रास होतो आणि तो वाढायच्या आत सांगितला तर डॉक्टर डोसमध्ये बदल करू शकतात. उलट्यांच्या गोळ्या त्रास सुरू झाल्यावर नाही, सांगितलेल्या वेळेलाच घ्यायच्या, तरी मळमळ राहत असेल तर औषध बदलून मागा. तोंड आलं असेल, चव गेली असेल, पोट साफ होत नसेल, सगळं सांगा. हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे-काळे डाग दिसले तर प्लेटलेट बघाव्या लागतात. आणि ताप १००.४ च्या वर गेला तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी क्रोसिन देऊन सकाळची वाट न बघता थेट हॉस्पिटल, यात अजिबात हयगय नको. सलाईन चालू असताना अंगाला खाज, चेहरा लाल, छाती भरल्यासारखी वाटली तर लगेच नर्सला हाक मारा, प्लॅटिनमची ॲलर्जी कधीकधी पहिल्या काही वेळेला न येता नंतर येते.

घरात अजून कुणी काढा, भस्म, हळदीच्या कॅप्सूल असलं काही देत असेल तर ते पण लपवू नका, सगळ्या बाटल्या एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढं ठेवा. भाजीतली हळद खुशाल घाला, आपल्या सांगलीच्या हळदीला कोण अडवतंय, प्रश्न कॅप्सूलमधल्या मोठ्या डोसचा आहे. खर्चाची ओढाताण असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत केमोथेरपी बसते, हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र असतात त्यांना रेशनकार्ड-आधार घेऊन भेटा.

तर पुढच्या खेपेला जाताना दोन-तीन दिवस आधी सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) आणि क्रिएटिनिन करून रिपोर्ट हातात ठेवा, वजन नवीन लिहून घ्या, आणि डॉक्टरांना विचारा की सहा किलो उतरलेत तर डोस परत काढायला लागेल का, मुंग्यांसाठी काय करायचं, आहारतज्ज्ञ भेटतील का, आणि तीन केमोनंतर सीए-१२५, म्हणजे ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये रक्तात बघतात ती खूण, किती उतरलंय. तो सीए-१२५ चा आकडा भाऊजींना दाखवा, केमो चालतेय की नाही हे त्यांना त्यावरून जास्त पटेल. थेंबांची बाटली घरात आलेलीच असेल तर उघडू नका, लेबलचा सगळ्या बाजूंनी फोटो काढून मला पाठवा, काय लिहिलंय ते मी बघते. आणि आज संध्याकाळी आत्यांना गरम भात, वरण, वर चमचाभर तूप वाढा, त्या नको म्हणाल्या की साखरेनं काही होत नाही असं मॅडमनी सांगितलंय म्हणा.